विजेची गुणगुण आणि गिटार

पौष अमावास्येला आदिलाबाद जिल्ह्यातील केसलापूर येथे नागोबाची जत्रा भरते. मेस्राम कुळीच्या गोंडांचा हा देव. त्याच्या पूजेसाठी जिल्ह्याच्या कानाकोपऱ्यांतून आणि पैनगंगेपलीकडील महाराष्ट्रातूनही माणसे लोटतात. या गोंडांच्या कुळकथा गाऊन सांगण्याचे काम परधान व तोटी या भाटांकडे पूर्वापार चालत आलेले आहे, आणि कथा गाताना त्यांच्या हाती जे वाद्य असते त्याला किकरी म्हणतात. पोकळ लाकडी कोठा, त्यावर ताणलेले कातडे, तीन तारा आणि एक गज, एवढाच तिचा संसार. तिचा आवाज एका अंगणापुरता. अंगणाबाहेर उभ्या असलेल्याला ती धड ऐकू येत नाही. परंतु अंगणात बसलेल्याला तिचा एकही सूर हरवल्यासारखा वाटत नाही. गज थांबला की किकरी थांबते. तिच्या मागे दुसरे काही वाजत राहत नाही.

विद्युत्-गिटारचे तसे नाही. याच जिल्ह्यात गणेशोत्सवाच्या मांडवात, लग्नाच्या स्वागतसमारंभात किंवा नाताळच्या कार्यक्रमात वाद्यवृंद येतो. वादक आपल्या गिटारची केबल ध्वनिवर्धकात खोवतो, आणि तारेला बोटही लागलेले नसताना कर्ण्यातून एक जाड, सलग ‘घूंऽऽ’ सुरू होते. लाउडस्पीकरवाले याला ‘हमिंग’ म्हणतात. डासाच्या गुणगुणीप्रमाणे ती अखंड असते, आणि डासाप्रमाणेच शांततेत अधिक छळते. ढोल कडाडत असेपर्यंत तिची कोणाला आठवण नसते. पण संथ सुरावट आली, वादकाने एक सूर छेडून तो विरत जाऊ दिला, की त्या विरत्या सुराच्या शेपटावर ही गुणगुण चढून बसते. सूर कोठे संपला हे वादकालाही कळत नाही, श्रोत्यालाही नाही. ही गुणगुण कोठून येते, तिला घालवण्यासाठी कोणी काय केले, आणि ती घालवण्याच्या घाईत काय ओढवले, हा इतिहास जवळजवळ दीडशे वर्षांचा आहे.

प्रथम तिचा सूर पाहावा, कारण तिला स्वतःचा सूर आहे. घराघरांत येणारा विजेचा प्रवाह एका दिशेने वाहत नाही. तो सतत पुढे-मागे होत असतो. भारतात हे आवर्तन सेकंदाला ५० वेळा घडते. ५० आवर्तनांचा सूर म्हणजे पेटीवरील पांढरी पाच, मात्र अगदी खालच्या सप्तकातील, आणि तीही किंचित चढी. प्रवाह सुलटा करणाऱ्या यंत्रभागातून हीच गुणगुण दुप्पट आवर्तनांची, म्हणजे एक सप्तक वर होऊन बाहेर पडते. अमेरिकेत आवर्तने ६० असल्यामुळे तेथील गुणगुण काळी पाच आणि पांढरी सात यांच्या मध्ये कोठेतरी लोंबकळते. थोडक्यात, वीजमंडळाने प्रत्येक मैफलीत एक तंबोरा फुकट लावून दिला आहे, आणि तो कोणाच्याच षड्जाला जुळत नाही.

आता गिटारमध्ये ती शिरते कशी, ते पाहू. विद्युत्-गिटारचा जन्म अमेरिकेतील लॉस एंजेलिस येथे झाला. जॉर्ज बोशाँ नावाचा एक वादक हवाईयन पद्धतीची गिटार वाजवीत असे. ब्रास वाद्यांच्या गलबल्यात आपले वाद्य बुडते, ही त्याची तक्रार. अ‍ॅडॉल्फ रिकनबॅकर याच्या साहाय्याने त्याने १९३१ मध्ये एक नमुना तयार केला व १९३२ मध्ये ते वाद्य बाजारात आणले. त्याचे अंग अ‍ॅल्युमिनियमचे, आकार गोल आणि दांडी लांब. त्यामुळे लोकांनी त्याला ‘तळणीचा तवा’ असे नाव ठेवले. या तव्यात पोकळ कोठा नव्हताच. त्याऐवजी नालाच्या आकाराचे दोन चुंबक आणि बारीक तांब्याच्या तारेचे एक वेटोळे होते. पोलादी तार कंप पावली की चुंबकाचे क्षेत्र हलते, आणि क्षेत्र हलले की वेटोळ्यात इवलासा विद्युत्दाब निर्माण होतो. तो ध्वनिवर्धकाने शेकडो पटींनी वाढवायचा व कर्ण्यातून ऐकायचा. १९३७ मध्ये बोशाँला याचे पेटंट मिळाले. या वेटोळ्यासह चुंबकाला पुढे सर्वत्र ‘पिकअप’ हेच नाव रूढ झाले.

युक्ती सुंदर होती. पण वेटोळे बिचारे प्रामाणिक असते. त्याच्याजवळचे चुंबकीय क्षेत्र तारेने हलवले की भिंतीतल्या विजेने, हा भेद त्याला करता येत नाही. केसाइतक्या बारीक तारेचे कित्येक हजार वेढे असलेले हे वेटोळे म्हणजे घरातील प्रत्येक रोहित्राकडे, ट्यूबलाइटच्या प्रत्येक चोककडे कान लावून बसलेला पहारेकरीच. ते जे ऐकते ते सारेच शेकडो पटींनी मोठे होऊन बाहेर येते.

येथे दोन गोष्टी वेगळ्या ओळखल्या पाहिजेत, कारण बाजारात त्यांची नेहमी गल्लत होते. एक खोल, गुळगुळीत गुणगुण; ती चुंबकीय. दुसरी किरकिरी, धारदार खरखर. ती बव्हंशी विद्युत्क्षेत्रामुळे येते. मंचावरील प्रकाश कमी-जास्त करणारे डिमर, स्वस्त एलईडी दिव्यांचे भाग, मोबाइलचे चार्जर हे आज तिचे मोठे कारखाने आहेत. खरखरीवर उपाय जुना आहे. मायकेल फॅरेडे याने १८३६ मध्ये धातूचे वेष्टन घातलेली एक खोलीच उभारली आणि बाहेर विजेचा कितीही कडकडाट झाला तरी आत काही पोहोचत नाही, हे स्वतः आत बसून दाखवले. गिटारच्या पोकळीला आतून तांब्याचा पत्रा किंवा वाहक रंग लावतात, केबलला तारांच्या जाळीचे आवरण असते, ते सारे त्या खोलीचेच वंशज. पण पातळ पत्र्याने मंदगती चुंबकीय गुणगुण अडत नाही. ती पत्र्यातून पाणी जाळीतून जावे तशी निघून जाते. पत्रा लावूनही ‘घूं’ तशीच राहिली म्हणून कारागिराला दोष देणारे वादक पुष्कळ आढळतात. तेथे कारागिराचा दोष नसतो, रोगच दुसरा असतो.

या दुसऱ्या रोगावरचे औषध मात्र गिटारच्या जन्माआधीच सापडलेले होते, आणि ते सापडले टेलिफोनमध्ये. आरंभीचे टेलिफोन एकाच तारेवर चालत; परतीचा मार्ग म्हणून जमिनीचा उपयोग होई. शेजारून तारायंत्राची तार गेली की बोलण्यात तिची टकटक ऐकू येई. अलेक्झांडर ग्रॅहम बेल याने १८८१ मध्ये यावर पेटंट घेतले. जाण्याची व येण्याची अशा दोन तारा घ्याव्यात आणि त्या एकमेकींभोवती पिळाव्यात, एवढाच त्याचा आशय. पीळ असल्यामुळे बाहेरची पीडा दोन्ही तारांवर सारखीच पडते. आणि टेलिफोन तर दोन तारांमधील फरक तेवढा ऐकतो. सारख्याला सारखे वजा गेले की उरते ते बोलणे. आजही संगणकाच्या केबलमध्ये हाच पीळ आहे.

हीच वजाबाकी रेल्वेनेही केली. भारतीय रेल्वेने १९५७ मध्ये २५ हजार व्होल्टची, ५० आवर्तनांची पद्धत स्वीकारली. आज मंचिर्याल, बेल्लमपल्ली, सिरपूर-कागजनगर या जुन्या आदिलाबाद जिल्ह्यातील स्थानकांवरून जी तार जाते ती याच जातीची. अशा तारेशेजारून टेलिफोनची तार गेली तर तिच्यात गुणगुण उमटणारच. त्यासाठी जेथे गरज पडेल तेथे परतीचा प्रवाह रुळांतून व जमिनीतून भटकू न देता वरच्याच बाजूस दुसऱ्या तारेने परत नेतात. जाणारा आणि येणारा असे दोन विरुद्ध प्रवाह जवळजवळ आले की त्यांची क्षेत्रे एकमेकांना खाऊन टाकतात. गिटारच्या बोटभर पिकअपमध्ये पुढे जे घडले ते याहून तत्त्वतः निराळे नाही.

त्याआधी रेडिओची पायरी येते. ज्या गावांत वीज पोहोचली नव्हती, तेथे रेडिओ कोरड्या बॅटरीवर चालत, आणि त्यांना ही गुणगुण ठाऊकच नव्हती. निजामाच्या काळातील हैदराबादची नभोवाणी, जी १९५० मध्ये आकाशवाणीत सामील झाली, ती बॅटरीच्या संचावर ऐकणाऱ्याला आवाज क्षीण मिळत असेल. पण दोन शब्दांमधली शांतता निर्मळ मिळे. गुणगुण आली ती विजेबरोबर. भिंतीत खोवून चालवायच्या १९३० च्या दशकातील संचांत कर्ण्याचा चुंबकदेखील विजेवरच चाले, आणि त्या विजेतील उरलेसुरले हेलकावे थेट आवाजात उतरत. यावर रेडिओ बनवणाऱ्यांनी एक चतुराई केली. आवाजाच्या वेटोळ्याशी जोडून त्यांनी मोजक्या वेढ्यांचे आणखी एक वेटोळे उलट दिशेने गुंडाळले. एकात गुणगुण जेवढी वर उठे तेवढीच दुसऱ्यात खाली बसे. इंग्रजीत या वेटोळ्याला ‘हमबकिंग कॉइल’ म्हणत. म्हणजे गुणगुणीला धडक देऊन परतवणारे. घराघरांत बसलेल्या रेडिओच्या पोटात हे वेटोळे मुकाट्याने काम करीत होते, आणि गिटारवाले मात्र वीस वर्षे त्या गुणगुणीविषयी कुरकुर करीत राहिले. दोन वेटोळ्यांच्या पिकअपची कल्पना १९३० च्या दशकातच अमेरिकेत पेटंट कचेरीपर्यंत गेली होती, त्यांतील एक तर पियानो बनवणाऱ्या कंपनीकडून. परंतु गिटारच्या बाजारात ती रुजली नाही.

ती रुजवणारा माणूस रेडिओदुरुस्तीतूनच वर आला, हे स्वाभाविक म्हटले पाहिजे. सेथ लव्हर हा मिशिगनमधील कालामाझू गावचा; जन्म १९१०. रेडिओ दुरुस्त करणे, नौदलातील नोकरी, आणि नंतर त्याच गावातील गिब्सन या वाद्ये बनवणाऱ्या कंपनीत काम, असा त्याचा प्रवास. कंपनीच्या ध्वनिवर्धकात गुणगुण मारण्यासाठी उलट-सुलट वेटोळ्यांचा चोक वापरलेला होता. चोकमध्ये जे चालते ते पिकअपमध्ये का चालू नये, हा साधा प्रश्न त्याला पडला. १९५५ च्या जूनमध्ये त्याच्या रचनेचा पेटंटअर्ज दाखल झाला.

रचना समजून घेण्यासारखी आहे. दोन वेटोळी शेजारी शेजारी ठेवली आहेत अशी कल्पना करावी. भिंतीतून येणारी चुंबकीय लहर दोघांवर सारखीच आदळते. एक वेटोळे डावीकडून आणि दुसरे उजवीकडून गुंडाळले असेल, तर लहरीने एकात जेवढा दाब उठेल तेवढाच दुसऱ्यात उलट दिशेने उठेल. वहीत एकच रक्कम एकदा जमेला आणि एकदा खर्चाला टाकली म्हणजे बाकी शून्य राहते, तसे हे. पण मग गिटारच्या तारेचा सूरही शून्यच होईल की! शंका रास्त आहे, आणि लव्हरची खरी करामत तिच्या उत्तरात आहे. त्याने एका वेटोळ्यात चुंबकाचे उत्तर टोक वर ठेवले, दुसऱ्यात दक्षिण. तारेच्या कंपाने होणारा बदल चुंबकाच्या दिशेवर अवलंबून असतो. म्हणून दुसऱ्या वेटोळ्यात तारेचा सूर दोनदा उलटतो: एकदा चुंबकामुळे, एकदा गुंडाळीमुळे. दोनदा उलटलेले सुलटेच होते, आणि दोन्ही वेटोळ्यांचे सूर एकमेकांत मिळतात. भिंतीतून येणाऱ्या लहरीला मात्र आत बसवलेल्या चुंबकाचे कोणते टोक वर आहे याच्याशी काही कर्तव्य नसते. ती एकदाच उलटते आणि नाहीशी होते. चोर आणि घरधनी एकाच दारातून आत येतात. दार मात्र अशा बेताचे की चोर तेवढा अडकावा.

वर झाकण घातले ते जर्मन सिल्व्हरचे. खरखर अडवण्यास झाकण हवे. पण पितळेसारख्या अधिक वाहक धातूत भोवरे-प्रवाह उठून उंच स्वर मंदावतात. जर्मन सिल्व्हरमध्ये ते फारसे होत नाही. हे असले बारकावे रेडिओच्या टेबलावर हात काळे केल्याशिवाय सुचत नाहीत. १९५७ पासून गिब्सनच्या ‘लेस पॉल’ गिटारवर हे पिकअप येऊ लागले. पेटंट अजून हाती नव्हते, म्हणून पाठीवर ‘पेटंटसाठी अर्ज केला आहे’ अशी चिठ्ठी चिकटवली जाई. त्या चिठ्ठीच्या पिकअपला आज जुन्या वस्तूंच्या बाजारात अमाप किंमत येते, हा गंमतीचा भाग झाला.

त्याच सुमारास इलिनॉयमधील कैरो या गावी रे बट्स नावाचा दुसरा एक कारागीर हीच गोष्ट स्वतंत्रपणे करीत होता. प्रसिद्ध वादक चेट अ‍ॅटकिन्स आपल्या गिटारच्या पिकअपवर नाखूश होता. त्याच्यासाठी बट्सने दोन वेटोळ्यांचे पिकअप बनवले, आणि ग्रेच कंपनीने ते आपल्या गिटारवर बसवले. बट्सचा अर्ज १९५७ चा, म्हणजे लव्हरच्या मागून आलेला. तरी त्याचे पेटंट ३० जून १९५९ रोजी मंजूर झाले आणि लव्हरचे २८ जुलै १९५९ रोजी. दोन कंपन्या एकमेकींवर तुटून पडल्या नाहीत, हे त्या व्यापारातील आश्चर्यच. पुढे गिब्सनने आपल्या पिकअपवर पेटंटचा क्रमांक छापला; तो मात्र पिकअपचा नव्हता, तारा अडकवण्याच्या खुंटपट्टीच्या पेटंटचा होता. नक्कल करणाऱ्यांची दिशाभूल व्हावी म्हणून तो मुद्दाम छापला असे सांगतात. निव्वळ घोटाळा झाला असेही सांगतात.

या शांततेची किंमत द्यावी लागलीच. दोन वेटोळी तारेचा कंप दोन ठिकाणी टिपतात, त्यामुळे अगदी उंच स्वरांश एकमेकांना थोडे मारतात. शिवाय वेढे दुप्पट झाल्याने आवाज जाड व मऊ होतो. एका वेटोळ्याच्या गिटारमधील काचेसारखी चकाकी त्यात नाही. म्हणून पुष्कळ वादकांनी लिओ फेंडरच्या एकेरी वेटोळ्याच्या गिटार सोडल्या नाहीत. गुणगुण सोसली, पण चकाकी राखली. फेंडरने स्वतः निराळी वाट काढली. १९५७ मध्ये त्याने आपल्या बास-गिटारच्या पिकअपचे दोन तुकडे केले: दोन तारांना एक वेटोळे, उरलेल्या दोघींना उलटे. प्रत्येक तारेला एकच वेटोळे मिळाले, आणि गुणगुण मात्र दोघांत कापली गेली. लव्हरच्या तोडीची नसली तरी ही युक्ती अधिक देखणी आहे, असे म्हणण्यास हरकत नाही. सेथ लव्हर पुढे १९६७ मध्ये याच फेंडर कंपनीत गेला.

आपल्याकडे विद्युत्-गिटार आली ती हवाईयन गिटारच्या रूपाने. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात टाऊ मो हा हवाईचा कलावंत आपल्या कुटुंबासह कलकत्त्यात राहून वाजवीत होता. मांडीवर आडवी ठेवलेली गिटार आणि तारांवरून फिरणारी पोलादी कांडी यांतून जी मींड निघते ती भारतीय कानाला परकी वाटली नाही. मुंबईच्या चित्रपटसृष्टीत व्हॅन शिपली आणि हजारा सिंग यांनी ती लोकप्रिय केली. शिपलींनी स्वतःच्या आखणीची आठ तारांची विद्युत्-गिटार वाजवली. विविध भारती १९५७ मध्ये सुरू झाली, आणि दोन कार्यक्रमांच्या मधली जागा भरण्यासाठी चित्रपटगीतांच्या ज्या वाद्यधुना लावल्या जात त्यांत गिटारच्या तबकड्या हमखास असत. आदिलाबाद असो की अकोला, पुष्कळ घरांत हे वाद्य प्रथम पोहोचले ते या मार्गाने.

या मींडीमुळेच गुणगुणीचा प्रश्न आपल्या संगीतात अधिक जिव्हाळ्याचा होतो. पाश्चात्त्य नृत्यसंगीतात गिटारचा सूर उठतो आणि पुढच्या सुराला जागा देतो. मींडीचे सारे सौंदर्य सूर छेडल्यानंतरच्या उताराला असते. सूर क्षीण होत होत पुढच्या स्वराला जाऊन मिळतो, आणि जितका तो क्षीण तितके कान टवकारतात. नेमके तेथेच गुणगुण वरचढ होते. शिवाय त्या काळचे ध्वनिमुद्रण म्हणजे गायक, व्हायोलिनवाले, तबलजी, गिटारवादक सारे एका वेळी एकाच पट्टीवर. एका वाद्याची गुणगुण मागाहून पुसण्याची सोय नव्हती. पिकअप एकेरी वेटोळ्याचे असले तर वादकाच्या हाती एकच इलाज उरे: खुर्ची थोडी फिरवून बसणे. वेटोळ्याचा अक्ष क्षेत्राला आडवा आला की गुणगुण एकदम खाली बसते. हा इलाज फुकटचा आहे आणि आजही तितकाच गुणकारी आहे. गिटार फिरवून गुणगुण बदलली तर दोष वेटोळ्याला लागणाऱ्या बाहेरच्या क्षेत्राचा. गिटारचा आवाज पूर्ण बंद करूनही ती तशीच राहिली तर दोष ध्वनिवर्धकाच्या पोटात, बहुधा जुन्या सुकलेल्या कंडेन्सरात.

आज यंत्रांची रेलचेल आहे. सूर एका मर्यादेखाली गेला की फाटक बंद करणारी ‘गेट’ नावाची पेटी मिळते. गुणगुण तिने थांबते खरी. पण तिच्यासोबत मींडीची शेपटीही छाटली जाते. देवळातील उंदीर मारण्यासाठी समईच विझवावी, असा हा प्रकार. मांडवातील धांगडधिंग्याला ती पुरते, एवढेच तिच्याविषयी म्हणता येईल.

याहून फार वाईट असा एक उपाय आहे, आणि तो जगभर केला गेला आहे. गिटारच्या तारांना हात लावला की खरखर कमी होते, हे प्रत्येक वादकाला ठाऊक असते. याचे कारण असे की गिटारच्या तारा केबलच्या आवरणातून ध्वनिवर्धकाच्या पत्र्याला व पत्र्यामार्फत जमिनीला जोडलेल्या असतात. वादकाचे शरीर स्वतः खरखर गोळा करीत असते. तारेला हात लागला की ते शरीर जमिनीशी जोडले जाते. म्हणजे वादक त्या यंत्राचा एक भाग होतो. जोवर दुसऱ्या टोकाला खरोखर जमीन आहे, तोवर यात भय नाही.

आता मांडवातली स्थिती पाहावी. गिटारचा ध्वनिवर्धक एका खांबावरच्या जोडणीतून वीज घेतो, गायकाच्या ध्वनिक्षेपकाचे यंत्र दुसऱ्या टोकाच्या जोडणीतून. दोन्हींना आपापले अर्थिंग आहे, आणि दोन्ही केबलने एकमेकांना जोडलेली आहेत. जमीन, केबल आणि पुन्हा जमीन असा एक मोठा वेढा तयार होतो. हा वेढाही एक वेटोळेच. त्यात गुणगुण भरते. कोणीतरी हुशार माणूस प्लगमधील अर्थिंगचा दांडा काढून टाकतो, किंवा दोनच दांड्यांचा प्लग लावतो. वेढा तुटतो, गुणगुण जादूसारखी नाहीशी होते, आणि त्या माणसाची पाठ थोपटली जाते. परंतु आता आत कोठे तार सुटून पत्र्याला चिकटली, तर घरातील पूर्ण दाब गिटारच्या तारांवर येऊन उभा राहतो. वादकाचा एक हात त्या तारांवर असतो, आणि गाण्यासाठी त्याचे ओठ किंवा दुसरा हात जमिनीशी जोडलेल्या ध्वनिक्षेपकाला लागण्याचाच काय तो अवकाश. विजेचा मार्ग मग छातीतून जातो. अर्थिंग दुसऱ्या बाजूचे तुटले असले तरी फळ तेच. ३ मे १९७२ रोजी वेल्समधील स्वान्सी येथे लेस हार्वे हा तरुण गिटारवादक भर कार्यक्रमात अर्थिंग नसलेल्या ध्वनिक्षेपकाला हात लागून मंचावर गतप्राण झाला. १९७६ च्या मे महिन्यात ‘यार्डबर्ड्स’ या गाजलेल्या वाद्यवृंदाचा गायक कीथ रेल्फ लंडनमध्ये आपल्या घरी गिटार वाजवीत असताना विजेच्या धक्क्याने मरण पावला. तेथेही अर्थिंगच धड नव्हते. दोघेही तिशीच्या आसपासचे होते.

आपल्याकडील तीन दांड्यांच्या प्लगमध्ये वरचा दांडा इतर दोघांहून जाड आणि लांब असतो. प्लग बसवताना तो सर्वांच्या आधी जमिनीला जोडला जावा आणि काढताना सर्वांच्या शेवटी सुटावा, यासाठी त्याची लांबी अधिक ठेवलेली आहे. गुणगुण घालवण्यासाठी त्याला हात लावण्याची मुळीच गरज नसते. मंचावरील सर्व वाद्यांची वीज एकाच फळीवरून घेतली तर वेढा मुळातच लहान होतो. त्या फळीवर ३० मिलिअँपियर गळतीला तुटणारा खटका बसवला तर चुकून काही घडलेच तरी प्रवाह क्षणात बंद पडतो. एवढ्यानेही गुणगुण राहिली तर वेढा तोडावा, पण तो आवाजाच्या केबलमध्ये तोडावा, विजेच्या तारेत नव्हे. त्यासाठी हाताच्या पंजाएवढी एक पेटी मिळते. तिच्या आत लहानसे रोहित्र असते: शेजारी शेजारी दोन वेटोळी, त्यांना जोडणारी तार एकही नाही. गिटारचा सूर चुंबकाच्या वाटेने एकातून दुसऱ्यात जातो. पेटीच्या कडेला एक बारीक खटका असतो. तो सरकवला की दोन बाजूंच्या आवरणांचा संबंध तुटतो, आणि दोन्ही यंत्रांचे अर्थिंग जागच्या जागी राहते.